घरची शाळा आणि हातचा एक

दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरून रद्दीचा गठ्ठा खाली काढला. रद्दीवाला दारात काटा घेऊन उभाच होता. त्याच्यापुढे एकेक टाकता टाकता २०२० सालचं एक कॅलेंडर हाती आलं. आमच्या किराणावाल्यानं दिलेलं, पाठ कोरी असलेलं. पानं उलटली तर प्रत्येक पाठीवर पेन्सिलीनं घातलेल्या वजाबाक्या, वेडीवाकडी जोडाक्षरं आणि एका कोपऱ्यात आगपेटीचं चित्र. ते कॅलेंडर मी बाजूला ठेवलं. रद्दीवाला म्हणाला, “बाई, जुनं कॅलेंडर ठेवून काय करता?” त्याला काय सांगणार? तुम्हाला मात्र सांगते.

आम्ही खाप्याचे. नागपूरच्या उत्तरेला, कन्हान नदीच्या काठचं हे आमचं गाव. आमचे हे नागपूरला एका दुकानात कामाला. मी घरी ब्लाऊज शिवते, साड्यांना फॉल लावते. २०२०च्या मार्चमध्ये आधी शाळा बंद झाल्या, मग टाळेबंदी लागली. ह्यांचा पगार बंद. लग्नसराई गेली, तशी माझी शिलाईही गेली. जूनच्या शेवटी शाळा उघडायची वेळ आली तरी कुलूप कायम. अभ्यास मोबाईलवर येऊ लागला आणि आमच्या घरात चांगला मोबाईल एकच.

तो थोरल्याला मिळाला. तो सातवीत गेलेला, धाकटी छकुली तिसरीत. सासूबाई म्हणाल्या, “पोट्ट्याचा अभ्यास बुडाला नाही पाह्यजे. पोट्टी लहान आहे, तिले काय घाई?” मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर पटायला काहीच वेळ लागला नाही.

दादाचा वर्ग चालू झाला की छकुलीला स्वयंपाकघरात पिटाळायचं, कारण आवाज होतो. मग रिकामी कशाला बसायची, म्हणून लसूण सोल, भाजी निवड, पाटावर पोळी लाटून बघ. दोन महिन्यांत पोर कामाला एवढी सरावली की शेजारीपाजारी कौतुक करू लागले. “पोरगी फार गुणाची हो!” मी मनातून सुखावत होते.

एक दिवस मसाल्याच्या डब्यात हळद भरत होते. चष्मा आत राहिला होता, म्हणून पुडी छकुलीपुढे धरली आणि म्हटलं, “कधीपर्यंत चांगली आहे ते वाच गं.” ती म्हणाली, “हळद.” म्हटलं, “पुढे?” “चांगली हळद.” मला वाटलं, थट्टा करते. दुसरीचं पुस्तक आणून पहिलाच धडा काढून दिला. पोरीनं घडाघडा म्हटला, पण बोट होतं भलत्याच ओळीवर. मी चित्र हातानं झाकलं आणि मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. ती गप्प. जोडाक्षर आलं की तिची गाडीच थांबायची. फेब्रुवारीत बसच्या पाट्या वाचणारी पोर ऑगस्टमध्ये वाचायचं विसरली होती, आणि ती माझ्या डोळ्यांसमोर, माझ्याच ओट्याजवळ बसून.

काळजात चर्र झालं. दोष कोणाला द्यायचा? आजार जगावर आला होता हे खरं. पण घरातला एक मोबाईल कोणाच्या हाती द्यायचा, हे काही आजारानं ठरवलं नव्हतं.

त्या रात्री ह्यांच्याशी बोलले. दुसरा मोबाईल घेण्याची ऐपत नव्हती. ठरलं ते एवढंच, की रोज एक तास मोबाईल छकुलीचा आणि दुपारी दोन ते साडेतीन तिची शाळा. मास्तरीण मी! ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ठाऊक होतं, मी दहावीला गणितात नापास झालेली. पुन्हा बसलेच नाही. पुढच्या वर्षी लग्न झालं. पण ते काही बोलले नाहीत. माळ्यावरची जुनी पाटी तेवढी स्वतः काढून धुऊन दिली.

जोडाक्षरांची खाण

सुरुवात वाचनापासून केली. पुस्तक पाठ झालेलं, त्यामुळे त्याचा उपयोग नाही. मग घरात छापलेलं काय काय आहे ते शोधलं. एका पिशवीत जुन्या लग्नपत्रिका निघाल्या. मैत्रिणींनो, लग्नपत्रिकेइतकी जोडाक्षरं दुसरीकडे कुठे सापडायची नाहीत. ज्येष्ठ चिरंजीव, आप्तेष्ट, स्वागतोत्सुक! रोज एक पत्रिका घ्यायची, जोडाक्षराला पेन्सिलीनं गोल करायचा, मग ते फोडून फरशीवर खडूनं लिहायचं. ओल्या फडक्यानं पुसलं की फळा पुन्हा कोरा. शिवाय हे लग्न कोणाचं, नवरी कुठली, तेव्हा आपण काय जेवलो, अशा गोष्टी निघायच्या. मग त्यातली दोन वाक्यं तिनं कॅलेंडरच्या पाठीवर लिहायची.

पुढे वाणसामानाची यादी तिच्याकडेच दिली. तिनं लिहिलं नाही ते घरात यायचं नाही! एकदा ‘जिरे’ राहिले आणि चार दिवस फोडणीत नुसती मोहरी पडली. त्यानंतर यादीत काही राहिलं नाही.

आगपेटीतला दशक

गणिताची मात्र मला धडकी होती. इथे माझी मावशी आठवली. ती बालवाडी चालवायची आणि ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची नावं तिच्या तोंडी सतत असत. १९४५ साली या दोघींनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, म्हणजे आजच्या पालघरमध्ये, बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडला नेलं. आदिवासी मुलांसाठी महागडी साधनं आणायची कुठून? म्हणून त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं घेतली आणि त्यांतूनच मोजणी, रंग, आकार शिकवले. मावशी म्हणायची, “साधन बाजारात नसतं गं, अंगणात असतं.”

आमच्या अंगणात नाही, पण डब्यात चिंचोके होते. रिकाम्या आगपेट्या साठवल्या. एका पेटीत दहा चिंचोके, म्हणजे एक दशक. दहा पेट्या बिस्किटाच्या मोठ्या पुड्यात, म्हणजे एक शतक. मग ५२ मधून २७ वजा करायला घेतले. पाच पेट्या आणि दोन सुटे चिंचोके समोर. छकुली म्हणाली, “दोनातून सात कसे देऊ?” मी सवयीनं म्हटलं, “शेजारून एक घे, हातचा.” ती म्हणाली, “एक घेतला तर तीनच होतात.”

बरोबर होतं तिचं. मी क्षणभर अडले. मग एक पेटी उचलली आणि फोडली. दहा चिंचोके घरंगळत बाहेर आले. दोनाचे बारा झाले, त्यातले सात दिले, पाच उरले. पेट्या चार राहिल्या, त्यातल्या दोन दिल्या, दोन उरल्या. उत्तर पंचवीस.

तुम्हाला हसू येईल, पण हातचा एक म्हणजे बंद पेटीतले दहा, हे मला त्या दुपारी पस्तिसाव्या वर्षी कळलं. शाळेत मी हातचा नुसता घेत आले होते. का घ्यायचा ते ना मी विचारलं, ना कोणी सांगितलं.

थोरला हे सगळं दारातून बघत होता. दुसऱ्या दिवशी पोळीचे चार भाग करून त्यानंच बहिणीला पाव, अर्धा, पाऊण शिकवलं. मग वाण्याच्या यादीतला ‘पाव किलो’ म्हणजे २५० ग्रॅम हेही तिथेच बसलं. शिकवता शिकवता त्याचे स्वतःचे अपूर्णांक सुधारले. विजेच्या बिलावरचं मागचं आणि चालू रीडिंग घेऊन वजाबाकी करायची आणि या महिन्यात किती युनिट जळाले ते आजोबांच्या फोटोखाली लिहून ठेवायचं, हे कामही त्याच्याकडे आलं. परिणाम असा, की पंखा बंद करायला मला ओरडावं लागेना.

सासूबाईंचे हात

सासूबाई आठवडाभर लांबून पाहत होत्या. “काहून वं, चिंचोके खेळून राह्यल्या का माय-लेकी?” एवढंच म्हणत. खाप्यात एके काळी घरोघर हातमाग चालत. आमच्याही मागच्या खोलीत जुन्या मागाचे चार लाकडी तुकडे अजून पडून आहेत. सासूबाई दोनच वर्ग शिकलेल्या, पण ताणा-बाणा, फणी, धोटा, कांडी यांचा हिशेब त्यांच्या बोटांवर.

एक दिवस मीच त्यांना विचारलं, “आई, तुमची नऊवारी किती हात भरते हो?” त्यांनी लुगडं पसरलं आणि कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजत गेल्या. एकोणीस हात भरले. “आता तू मोज,” त्या नातीला म्हणाल्या. छकुलीचे भरले पंचवीस! ती चक्रावली. लुगडं तेच, मग मोठं कसं झालं? बराच वेळ विचार केला, मग आजीच्या हाताशेजारी आपला हात ठेवला आणि ओरडलीच, “आजी, माझा हात लहान आहे!”

तेव्हा मी माझी शिवणाची टेप आणली. ३६ इंचांचा एक वार, नऊ वारांचे ३२४ इंच. माणसागणिक हात बदलतो, टेप बदलत नाही, म्हणून दुकानदार टेपेनं किंवा गजानं मोजतो. मापनाचा अख्खा धडा एका लुगड्यावर झाला. सासूबाई घडी घालता घालता म्हणाल्या, “आमाले कोणी असं शिकोलं असतं त...” वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. पण त्या दिवसापासून दुपारी दोन वाजले की त्याच हाक मारायच्या, “चाल वं पोट्टी, शाळा भरली.”

कन्हानचा पूर

परिसर अभ्यासाला तर दारच उघडायचं होतं. तुळशीपाशी एक काळा दगड पडलेला असे. गुमगावची मँगनीजची खाण जवळच, त्यामुळे असे दगड आमच्याकडे नवलाईचे नाहीत. तेवढ्याच आकाराचा साधा दगड दुसऱ्या हातात दिला, की वजनातला फरक लगेच कळतो. पोलाद करायला आणि टॉर्चच्या सेलमध्ये मँगनीज लागतं, हे थोरल्यानं सांगितलं.

त्या ऑगस्टच्या अखेरीस कन्हानला मोठा पूर आला. आपल्याकडे पाऊस थांबला तरी नदी का चढते, असा प्रश्न निघाला. नकाशा काढला. कन्हान उगम पावते सातपुड्यात, मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात. तिकडे कोसळलेलं पाणी इकडे येतं, पुढे वैनगंगेला मिळतं आणि प्राणहिता, गोदावरी करत बंगालच्या उपसागरात जातं. छकुलीनं निळ्या खडूनं ती वाट फरशीवर ओढली, पार उंबऱ्यापर्यंत. दोन दिवस आम्ही नदी ओलांडूनच आत-बाहेर करत होतो.

बाकी मदतीला टीव्ही होता. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ लागत असे. त्यात मास्तर फळ्यापुढे उभे नसत. घरातल्याच वस्तू घेऊन, घरच्या माणसांबरोबर काहीतरी करून पाहायचं असे. त्याला मोबाईल नको की रिचार्ज नको. शाळेतून मिळालेली बालभारतीची पुस्तकं होतीच. खर्च म्हणाल तर खडूची पेटी, दोन पेन्सिली आणि एक वही, सगळे मिळून ४५ रुपये.

घर ते घर, शाळा ती शाळा

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. कधी मी चिडले, पाठीत धपाटेही घातले. इंग्रजी मला येईना, ते कच्चं राहिलं ते राहिलंच. दुपारची झोप गेली. शिलाई परत मिळू लागली तेव्हा रात्री अकरापर्यंत मशीन चालवावी लागली. ‘घरच्या घरी, फुकटात’ असं आपण म्हणतो, तेव्हा त्यात आईच्या वेळेचा हिशेब कोणी धरत नाही. आणि मैत्रिणी कुठून आणणार? छकुली कधीकधी चिंचोक्यांनाच मैत्रिणींची नावं द्यायची, ते ऐकून पोटात तुटायचं.

१ डिसेंबर २०२१ पासून लहान मुलांचे वर्ग पुन्हा भरले, तेव्हा ती चौथीत होती. केस विंचरून घेता घेता तिनं विचारलं, “आई, तू दहावीत गणितात नापास का झालीस? तुला तर येतं.” मी वेणी घालत राहिले. काय उत्तर द्यावं ते सुचेना.

आता ती आठवीत आहे आणि थोरला बारावीला. शाळा सुरळीत आहेत, तरी दुपारची ती बैठक आम्ही मोडली नाही; आता फक्त रविवारी बसते. माझ्यासारख्या मैत्रिणींना चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मूल धडा म्हणून दाखवतं तेव्हा चित्र झाकून, मधलाच शब्द विचारून पाहा. पाठांतर आणि वाचन वेगळं असतं. कोऱ्या पाठीचा कागद रद्दीत घालू नका. वेळ थोडा ठेवा, पण रोजचा ठेवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना त्यात ओढा. त्यांना पुष्कळ येतं, फक्त त्यांना कोणी विचारत नाही. आणि घरात वस्तू एकच असली, मग तो मोबाईल असो, टेबल असो की दिव्याखालची जागा, तर ती कोणाला देतो आहोत आणि का, हे एकदा स्वतःला विचारा. लेक गुणाची आहे, कामाला लागली आहे, असं कोणी म्हणालं की मी अजूनही आधी तिची वही उघडून बघते.

कॅलेंडर मी माळ्यावर ठेवलं नाही. शिवणाच्या मशीनच्या खणात ठेवलं आहे, टेपेशेजारी.