पांढरी एक, काळी दोन…

मुलांनो, तुमच्या शाळेत पेटी आहे का? कंपासपेटी नव्हे हं! गाण्याची पेटी, हार्मोनियम.

आमच्या शाळेत आहे. लोधिवली म्हणजे जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचं गाव. दिवसभर ट्रकचे भोंगे ऐकायचे, नि वर मान केली की इर्शाळगड दिसतो. आमची पेटी कपाटात नकाशांच्या गुंडाळ्यांशेजारी असते. तिच्या भात्याला ठिगळ आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं नि दोन पट्ट्या दाबल्या की वर येतच नाहीत. मग मी कपाटात एक दिवा लावून ठेवते. ऊब मिळाली की बाईसाहेब पुन्हा गायला तयार!

मी काही संगीत शिकलेली बाई नाही. डी.एड. केलं. पेटी तेवढी वडिलांमुळे आली. ते गावच्या भजनात वाजवायचे आणि मी मांडीला मांडी लावून बसायचे. त्यामुळे बोटं चालतात, परिपाठाची प्रार्थना निभावते. पण "असंच का?" असं कुणी विचारलं की माझी गाडी अडते. ही गोष्ट त्या अडलेल्या गाडीचीच आहे.

चौथीत एक मुलगा होता. वाडीवरून चालत यायचा. गाताना त्याचा आवाज फुटेना, म्हणून मी त्याला भाता मारायला बसवलं होतं. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी डबा धुऊन येतेय तो वर्गातून विचित्र आवाज! बघते तर हा डाव्या हातानं भाता मारतोय आणि उजव्या हाताची चार बोटं ताणून चार पट्ट्या एकदम दाबून बसलाय. पांढरी एक, काळी दोन, काळी तीन आणि पांढरी सहा.

"अरे, काय हे बेसूर! पेटी म्हणजे खेळणं आहे का?" मी ओरडले.

तो दचकला. पण बोटं उचलली नाहीत. म्हणाला, "बाई, बेसूर नाय. ते थांबलंय."

"थांबलंय म्हणजे?"

"म्हंजे… पुढं कायतरी व्हायचंय."

मी हसले. (आता त्या हसण्याची लाज वाटते.) त्याला भात्यावरून उठवलं, दुसऱ्या मुलीला बसवलं. वर नोंदवहीत त्याच्या नावापुढं लिहून टाकलं, 'स्वरज्ञान कमी.' त्यानंतर तो पेटीच्या आसपास फिरकेना. प्रार्थनेला शेवटच्या रांगेत उभा राहायचा नि ओठसुद्धा हलवायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी पनवेलला बहिणीकडे गेले. भाचा आठवीत, नुकताच कीबोर्ड शिकायला लागलेला. त्याच्या पुस्तकात एका कॉर्डच्या नावापुढं छोटासा गोल होता, अंशाच्या खुणेसारखा. "मावशी, हे बघ गंमत," म्हणत त्यानं चार बोटं ठेवली.

पांढरी एक, काळी दोन, काळी तीन, पांढरी सहा!

माझ्या हातातली चकली तशीच राहिली. "ह्याला काय म्हणतात रे?"

"डिमिनिश्ड सेव्हन्थ. डिमिनिश्ड म्हणजे कमी केलेला."

'कमी.' नोंदवहीतला माझाच शब्द. त्या रात्री मी भाच्याला झोपू दिलं नाही. आमच्या दोघांच्या डोक्यात जे शिरलं ते तुम्हाला सांगते. जवळ पेटी असेल तर घेऊन बसा. नसेल तर कागदावर बारा चौकोन काढा.

पेटीवर एका सापासून पुढच्या सापर्यंत काळ्या-पांढऱ्या मिळून बारा पावलं असतात. पांढरी एकला सा धरा. तिथून पाच पावलांवर म, सात पावलांवर प. सा आणि प एकदम वाजवले की कसे एकमेकांत मिसळून जातात! त्याचं कारण गणितात आहे. सा सेकंदाला २४० वेळा थरथरत असेल तर प ३६० वेळा थरथरतो. दोनास तीन! साच्या दोन थरथरी होईतो पच्या बरोब्बर तीन होतात, की पुन्हा दोघांची गाठ. म ३२० वेळा थरथरतो, म्हणजे तिनास चार. (पेटीवर या आकड्यांत केसभर फरक असतो. बारा पावलं सारखी करण्यासाठी तो मुद्दाम ठेवतात. अशा ठरीव पट्ट्यांवर मींड निघत नाही, बारीक श्रुती मिळत नाहीत, हीच पेटीविरुद्ध मोठी तक्रार होती. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं तिला चक्क बंदी केली आणि ती बंदी तीस वर्षांनंतर सैल झाली. भजनवाल्यांनी मात्र पेटी कधी सोडली नाही.)

आता म आणि प यांच्या मधोमध एक काळी पट्टी आहे, काळी तीन. सापासून सहा पावलं, म्हणजे बाराच्या अगदी अर्ध्यावर. हिचा आकडा येतो साधारण ३३९. लावा बघू २४० शी गुणोत्तर! नीटस अपूर्णांक येतच नाही. म्हणून ती साबरोबर वाजली की कानाला स्वस्थता लाभत नाही. युरोपातल्या जुन्या संगीतशिक्षकांनी या जोडीला 'संगीतातला सैतान' असं नाव ठेवलं होतं. बिचारी पट्टी!

खरी मौज पुढं आहे. या पट्टीला आपण काय म्हणतो? तीव्र म. म्हणजे म एक पाऊल वर चढला. आपल्याकडे सा आणि प हे अचल स्वर. रे, ग, ध, नी कोमल होतात, म तीव्र होतो, पण प जागचा हलत नाही. कोमल प असा स्वरच नाही. आणि भाच्याच्या पुस्तकात याच पट्टीचं नाव काय? 'डिमिनिश्ड फिफ्थ.' फिफ्थ म्हणजे पाचवा, आपला पंचम. म्हणजे त्यांच्या हिशेबात पंचम एक पाऊल खाली उतरला, कमी झाला! (त्यांच्याकडेही चढलेला चौथा असं दुसरं नाव आहे, पण या कॉर्डमध्ये पहिलंच चालतं.) पट्टी एकच. आपण म्हणतो चढली, ते म्हणतात उतरली.

त्या चार बोटांचं गणित तर अगदी सोपं आहे. सापासून तीन पावलं चाला, कोमल ग. आणखी तीन, तीव्र म. आणखी तीन, शुद्ध ध. आणखी तीन, वरचा सा. तीन चोक बारा! चारही अंतरं सारखी. केकचे चार समान तुकडे केले तर पहिला तुकडा कोणता, हे सांगता येईल का? तसंच इथं होतं. चारांपैकी घरचा स्वर कोणता, ते कानाला कळत नाही. कान वाट बघत राहतो. मूकपटांच्या काळात पडद्याजवळ पियानो वाजवणारे खलनायक आला की हाच कॉर्ड वाजवायचे, तो याचसाठी.

पुढं कायतरी व्हायचंय.

सुट्टी संपली. शाळा भरली त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला बोलावलं. आला, पण दारातच उभा राहिला. मी म्हटलं, "चूक माझी होती. तू वाजवलंस ते बेसूर नव्हतं. त्याला नाव आहे, पुस्तकात छापलंय." तो माझ्याकडे बघतच राहिला. बाई चुकतात, यावर त्याचा विश्वास बसायला थोडा वेळ लागला असावा. मग हळूच आत आला आणि भाता सोडला.

मी त्याला पुढचं दाखवलं. चार पट्ट्या दाबायच्या. मग सावरचं बोट तिथंच ठेवून काळी दोनवरचं शेजारच्या पांढरी तीनवर न्यायचं, काळी तीनवरचं पांढरी पाचवर, आणि पांढरी सहावरचं उचलून घ्यायचं. सा, ग, प! वाजवून बघाच. दिवसभर पाठीवर असलेलं दप्तर खाली ठेवल्यासारखं वाटतं.

"झालं!" तो म्हणाला. "झालं, बाई!"

मग मी दुसरा प्रयोग केला. खालचा सा एकसारखा धरून ठेवला, तंबोरा लावतात तसा, आणि त्याला ते चार स्वर एकेक करून सावकाश वाजवायला सांगितले. आता ते अडकल्यासारखे वाटेनात. घर सतत ऐकू येत होतं ना! आपल्या मधुवंती रागात हे चारही स्वर आहेत, सा, कोमल ग, तीव्र म आणि ध. दिवस कलताना गातात तो. म्हणजे ज्या स्वरांनी तिकडे खलनायक येतो, त्याच स्वरांनी इकडे तिन्हीसांज होते.

दुसऱ्या दिवशी त्यानं पट्ट्यांवर खडूनं ठिपके काढलेले. "बाई, असे तीनच आहेत!" मला आधी कळेना. तो दाखवू लागला. पांढरी एकपासून एक चौकडी, काळी एकपासून दुसरी, पांढरी दोनपासून तिसरी. काळी दोनपासून सुरू केलं तर पहिलीच परत येते. बारा भागिले चार, तीन! भागाकारात हा नेहमी बाकी विसरायचा. मी त्याला भाच्याच्या पुस्तकातलं डिमिनिश्ड स्केलही सांगितलं. दोन पावलं, एक पाऊल, दोन पावलं, एक पाऊल, असं करत वरच्या सापर्यंत जायचं. सात नव्हे, आठ स्वर येतात! भातखंड्यांच्या दहाही थाटांत सात-सात स्वर, आणि प प्रत्येकात. इथं दोन्ही म आहेत आणि प गायब. त्यानं ते वाजवलं, ठिपक्यांकडे बघितलं नि म्हणाला, "ह्या तर दोन चौकड्या एकात एक घातल्यात." पांढरी एकची आणि पांढरी दोनची. मी तपासून पाहिलं. बरोबर होतं. ते काही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. जंगलात वाट चुकलेल्या मुलांचं नाटुकलं होतं. अंधार झाला, मुलं एकमेकांना बिलगली, आणि पडद्याआडून ती चौकडी वाजली. पुढं बसलेली बालवाडीची पोरं एकदम गप्प. कुणाची तरी आजी मोठ्यांदा "अगं बाई!" म्हणाली. मग कंदील घेऊन गावकरी आले आणि त्यानं दोन बोटं सरकवली.

नोंदवहीतली ओळ मी खोडली. तिथं दुसरं काय लिहावं ते मात्र सुचेना, म्हणून जागा कोरीच ठेवली आहे.

परवा तो पुन्हा आला. म्हणाला, "बाई, ती चौकडी फक्त सालाच घरी जाते असं नाय. काळी दोनला पण जाते. काळी दोन धरून ठेवायची, काळी तीनचं बोट पांढरी पाचवर, पांढरी सहाचं काळी पाचवर, नि पांढरी एकचं उचलायचं." वाजवून दाखवलं. खरंच की! तेच चार स्वर, दुसरंच घर.

अजून दोन घरं राहिली. ती त्यानं शोधून ठेवलीत, पण मला सांगू नका म्हणालाय. तेव्हा पेटी काढा. आणि पट्ट्या अडकत असतील तर आधी कपाटात दिवा लावा.