उतारावरची गाडी

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा आमच्या डलूथला पहिला बर्फ बहुधा पडून गेलेला असेल. मंडळाच्या कार्यक्रमांना आम्ही मिनिआपोलिसला येतो तेव्हा कुणीतरी हमखास विचारतं, "तिकडे वर आणखी थंडी असते का हो?" असते. टेक्सासात मेक्सिकोच्या सीमेवर सुरू झालेला आय-३५ जिथे संपतो, ते आमचं गाव. मिनिआपोलिसहून अडीचशे किलोमीटर उत्तरेला. शेवटचा चढ संपून गाडी खाली उतरायला लागली की समोर लेक सुपीरियर पसरलेलं दिसतं. तळं आपलं म्हणायचं म्हणून. क्षेत्रफळ ८२,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पाव भागाहून जास्त. अटलांटिकपासून ३,७०० किलोमीटर आत असूनही इथे समुद्रावरची जहाजं येतात आणि लोखंडाचा कच्चा माल घेऊन जाणारी, तीनशे मीटर लांबीची तळ्यातली जहाजंही. ती आत येताना बंदराच्या तोंडावरचा पूल लिफ्टसारखा सरळ वर उचलला जातो.

आणि गाव सगळं उतारावर. पाण्यापासून सहाशे फुटांहून जास्त चढत गेलेलं. काही रस्ते इतके उभे की वरून खाली पाहताना पोटात गोळा येतो.

माझे सासरे, अण्णा, गेल्या डिसेंबरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी हे रस्ते पाहून म्हणाले, "झकास. इथं सेल्फ नसला तरी चालंल."

अण्णांची एकतीस वर्षं एसटीच्या कराड डेपोत मेकॅनिक म्हणून गेली. पाटण तालुक्यातल्या डोंगरगावांना मुक्कामी जाणारी गाडी ड्रायव्हर रात्री उतारावर तोंड करून लावायचे. पहाटे डिझेल गारठलेलं, बॅटरी दमलेली. मग गाडी नुसती सोडायची, वेग आला की गिअर टाकायचा. सासूबाईंचं वर्षश्राद्ध नोव्हेंबरात झालं आणि माझा नवरा त्यांना इकडे घेऊन आला. पण त्याची नोकरी मिनिआपोलिसला, तो शुक्रवारी रात्री येणार आणि रविवारी जाणार. आठवडाभर घरात मी, आमची सात वर्षांची लेक आणि अण्णा.

मी इथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नव्यानेच लागले होते. पहिले सहा महिने कच्ची नोकरी. सात वाजता हजर व्हायचं, आणि जानेवारीच्या पहिल्या दोन आठवड्यांत मला तीनदा उशीर झाला. कारण गाडी. २००८ सालची, उन्हाळ्यात एक शब्द न बोलणारी. थंडीत मात्र आठ-दहा वेळा सेल्फ मारावा तेव्हा खोकत खोकत सुरू व्हायची, आणि पहिल्याच स्टॉप साइनला बंद पडायची. दहा मिनिटं चालून गरम झाली की पुन्हा शहाण्यासारखी. गराजवाल्याने १८० डॉलर घेऊन बॅटरी बदलली. फरक नाही. मग म्हणाला, पेट्रोलचा पंप बदलून पाहू, नऊशे डॉलर. "पाहू" हा शब्द मला खटकला, पण मला तरी त्यातलं काय कळत होतं?

नवऱ्याला मी फोनवर यातलं काही सांगितलं नव्हतं. तो तिथून काय करणार होता? "गाडी कशी आहे?" "ठीक आहे." मग फोन अण्णांकडे. "अण्णा, थंडी सोसतेय ना?" "थंडी कसली? मजेत आहे मी." हे आमचं रोजचं.

त्या बुधवारी सकाळी उणे २८ होतं. मी सेल्फ मारत बसले होते आणि अण्णा कधी बाहेर आले मला कळलंच नाही. बॉनेटवर पंजा ठेवून, मान कलती करून ऐकत उभे होते. मग म्हणाले, "मला हे इंजिन कळत न्हाई. आवाज कळतो. सेल्फ तर चांगला जोरात फिरवतोय."

त्यांचं म्हणणं असं होतं. किल्ली फिरवल्यावर नुसतं 'कट्' वाजलं किंवा इंजिन आळसावून फिरलं, तर बॅटरीकडे, तिच्या टर्मिनलवरच्या किटणाकडे, घट्ट झालेल्या ऑइलकडे बघायचं. थंडीत बॅटरीचा जोर निम्म्यावर येतो आणि नेमकं तेव्हाच इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. (इथल्या बॅटऱ्यांवर थंडीतल्या ताकदीचा जो आकडा छापलेला असतो, तो उणे १८ अंशांना मोजलेला असतो. मी तोवर तो कधी वाचलाही नव्हता.) पण आमचं इंजिन जोमात फिरत होतं आणि पेट घेत नव्हतं. म्हणजे भूक वेगळीच होती. गारठलेल्या इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून सुरुवातीला ते जास्त द्यावं लागतं. जुन्या गाड्यांना त्यासाठी चोक होता, ड्रायव्हर हाताने ओढायचा.

"ह्या गाडीचा चोक कुठाय?"

"नसतो अण्णा. कॉम्प्युटर ठरवतो."

"आणि बाहेर थंडी हाय, हे कॉम्प्युटरला कोण सांगतं?"

त्या दिवशी मी टॅक्सीने गेले, आणि चौथ्यांदा उशीर झाला. संध्याकाळी चहा देताना पाहिलं, तर अण्णा कप दोन्ही तळव्यांत धरत होते. बोटं वापरत नव्हते. मी हात ओढून पाहिला. उजव्या हाताची तीन टोकं मेणासारखी पांढरी. हातमोज्यातून इंजिनची थरथर कळत नाही म्हणून सकाळी हातमोजे काढले होते, आणि मी गेल्यावरही अर्धा तास बॉनेटखाली काढला होता. "काही न्हाई, येईल रक्त." मी कोमट पाण्याचं भांडं आणलं. चोळायचं नसतं, गरम पाणीही नाही. ते माझ्या कामामुळे ठाऊक होतं. रंग परत येताना ठणका लागतो. अण्णा खिडकीकडे बघत बसले. लेक त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून होती. मी काही बोलले नाही, कारण आवाज फुटला असता.

रात्री मी त्यांचा प्रश्न घेऊन बसले. थंडी सांगणारा असतो एक सेन्सर, बोटाच्या पेराएवढा, इंजिनच्या पाण्यात तोंड बुडवून बसलेला. तो जे सांगेल त्यावर कॉम्प्युटर पेट्रोलचं माप ठरवतो. तो काय सांगतोय, हे वाचताही येतं. अमेरिकेत १९९६ पासूनच्या प्रत्येक गाडीला स्टिअरिंगखाली एक ठरावीक सॉकेट असतं. त्यात लावायचा वीसेक डॉलरचा ठोकळा गुरुवारी येताना घेतला. तो फोनशी बोलतो.

शुक्रवारी पहाटे साडेपाच. रात्रभर उभी असलेली गाडी. इंजिन सुरू न करता नुसती किल्ली फिरवली. अण्णा शेजारी, दोन-दोन हातमोजे घालून (ही माझी अट). आत येणाऱ्या हवेचं तापमान, उणे २७. इंजिनच्या पाण्याचं, अधिक ३४.

रात्रभर बर्फात उभ्या असलेल्या इंजिनात ३४ अंश! कराडचा मार्च महिना! अण्णा एवढ्याने हसले की काच धुक्याने भरली. "बघ, आत बसून सांगतोय, मजेत आहे, थंडी न्हाई. मग त्याला कोण जास्तीचं खायला घालंल?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. तेही थांबले. मग खिडकीची काच पुसायला लागले.

सेन्सर तीस डॉलरला मिळाला. शनिवारी एका मैत्रिणीच्या गरम गराजमध्ये, इंजिन थंड असताना, अण्णांनी तो बदलला. पाना नवऱ्याने धरला, कारण अण्णांच्या बोटांना पकड येत नव्हती. थोडं कूलंट सांडलं, तेवढं वरून भरलं. गाडी बदलल्यावर दिसायची ती सोमवारी दिसली. बाहेर उणे २९, फोनवरही पाणी उणे २९, आणि गाडी दुसऱ्या सेकंदाला सुरू. किंचित चढ्या आवाजात गुरगुरत राहिली आणि हळूहळू शांत झाली. अण्णांनी डोळे मिटून ऐकलं.

एक मात्र त्यांना पटलं नाही. उतारावरून सोडून ऑटोमॅटिक गाडी सुरू होत नाही, हे सांगितल्यावर ते फार हळहळले. "एवढा उतार वाया," म्हणाले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं लेकीला घेऊन पुलाजवळ गेलो. नवऱ्याला त्या आठवड्यात यायला जमलं नव्हतं. जहाजं बंद होती. सू इथली पाण्याची दारं १५ जानेवारीला बंद होतात ती २५ मार्चला उघडतात. पण तळं गोठलेलं नव्हतं. हवा इतकी गार की त्यापुढे पाणीच गरम, त्यामुळे सगळ्या पृष्ठभागावरून वाफेचे खांब उठत होते. त्यांतून सूर्य येत होता, आणि पूल मधूनच दिसत होता.

तेवढ्यात फोन वाजला. मी तो अण्णांच्या कानाला धरला, हातमोजे काढू दिले नाहीत.

"अण्णा, थंडी कशी आहे?"

"लई हाय रे," अण्णा म्हणाले. "बोटं अजून दुखत्यात. आणि तुझी आई असती तर तिला हे दाखवलं असतं."