धाडणाऱ्याची जबाबदारी

कुत्र्याविषयी आपल्या घरांत दोन गोष्टी हमखास बोलल्या जातात. एक म्हणजे त्याची लाळ नापाक आहे, आणि दुसरी म्हणजे त्याच्याइतका इमानदार प्राणी नाही. आपण त्याचे काही देणे लागतो का, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी काढत नाही. आम्हांला तो बिबट्यामुळे पडला.

आळंदीहून चाकणकडे निघाले की कारखाने आणि गोदामे लागतात. पण मरकळ, सोळूच्या अंगाला अजून ऊस उभा आहे. खेड, आंबेगाव, जुन्नर आणि शिरूर हे चारही तालुके वनखात्याच्या जुन्नर विभागात येतात. उसात बिबट्याला लपायला जागा मिळते, मादी तिथेच पिल्ले देते. रात्री वस्तीवरची कुत्री आणि शेळ्या हे त्याचे सोपे भक्ष्य. तो नेमका गळा धरतो. म्हणून धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा लोखंडी पट्टा घालतात. तुर्कस्तानातील मेंढपाळही लांडग्यांच्या भीतीने आपल्या कंगाल कुत्र्यांना असाच पट्टा घालतात.

आमच्या नात्यातल्या एका घरी शेळ्या आहेत आणि राखणीला शेरू आहे. चाकणला कामाला जाणाऱ्या भाच्याने मोबाईलवर एक चित्र दाखवले. परदेशात रानडुकरांच्या शिकारीला नेतात त्या कुत्र्यांना छाती-पोट झाकणारे जाड जाकीट घालतात, सुळ्याने पोट फाटू नये म्हणून. "शेरूलाही असेच घेऊ," तो म्हणाला. अम्मी म्हणाल्या, "मुक्या जनावराला उन्हाळ्यात गोधडी पांघरणार का?" चाचांचे म्हणणे वेगळेच. "हा गेला तर दुसरा मिळेल. कुत्र्यावर कोणी पैसे घालते का?"

चाचांचे हे वाक्य आम्हांला खटकले. कारण आपल्या दीनमध्ये कुत्र्याचा विचार इतका सवंग नाही. सूरह माइदामध्ये शिकवून तयार केलेल्या शिकारी जनावराने धरलेली शिकार हलाल ठरवली आहे. अट अशी, की अल्लाहचे नाव घेतलेले असावे. हातिमताईचे पुत्र हजरत अदी यांनी याविषयी रसूलुल्लाहांना विचारल्याची हदीस प्रसिद्ध आहे. तिचा आशय असा, की बिस्मिल्लाह म्हणून सोडलेल्या कुत्र्याने धरलेली शिकार खावी. त्याने स्वतःच त्यातले खाल्ले असेल तर खाऊ नये, कारण मग ती त्याने स्वतःसाठी धरली. दुसरा कुत्रा त्यात सामील झाला असेल तरी खाऊ नये, कारण नाव आपल्या कुत्र्यावर घेतले होते, त्या दुसऱ्यावर नाही.

म्हणजे कुत्र्याने केलेले काम धाडणाऱ्याच्या खात्यावर जमा होते. मग त्याची जखम कोणाच्या खात्यावर मांडायची? शिकार आपली आणि फाटलेला गळा मात्र त्याचा, हा हिशेब कोणत्या न्यायात बसतो?

आज आपल्याकडे शिकारीचा प्रश्न उरलेला नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिला बंदी घातली. पण शेतकऱ्याच्या राखणीला कुत्रा ठेवण्याची मुभाही हदीसमध्येच आहे. रात्री गोठ्यापुढे कुत्रा बांधणे म्हणजे त्याला धाडणेच होय. उलट शिकारी कुत्रा निदान मोकळा असतो. साखळीतल्याला पळताही येत नाही.

म्हणून घरात ठरले ते असे. जाकीट नको. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही; तो मुख्यतः धापा टाकून अंग थंड ठेवतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते जाड कापड त्याला बिबट्याआधीच घेरी आणील, शिवाय बाभळीच्या काट्यात अडकेल. पट्टा मात्र हवा; दिवेलागणीला घालायचा, सकाळी काढायचा, आणि खाली मानेला घासतो का ते पाहायचे. मुख्य म्हणजे पट्टा आहे म्हणून शेरूला बाहेर बांधायचे नाही. शेळ्यांच्या गोठ्याला वरूनही जाळी मारायची आणि त्याला आत घ्यायचे. चाचांनी कुरकुर केली, पण जाळीचे पैसे त्यांनीच दिले.

आळंदीत राहणाऱ्याला ही गोष्ट परकी वाटू नये. पैठणला रेड्यावर ओढलेले आसूड ज्ञानेश्वरांच्या पाठीवर उमटले, अशी कथा इथे घरोघरी सांगतात. त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे. तोही आज बिबट्याचाच मुलूख.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात बिबट्याने तिघांचा जीव घेतला. त्यांत दोन मुले होती. त्यानंतर शेतात जाणाऱ्या बाया-माणसांनी स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. वर्तमानपत्रातील ती छायाचित्रे पाहून काहींना हसू आले. आम्हांला आले नाही. पट्ट्याने एखादा गळा वाचेल, तो जरूर घालावा. पण रात्रीच्या विजेवर मोटार चालू करायला अंधारात उसात जावे लागते, घराला कुंपण नसते, तोवर पट्टा देऊन कोणाचीच जबाबदारी संपत नाही. ज्याला आपण धोक्यात धाडतो, तो माणूस असो की कुत्रा, त्याच्या गळ्याचा जाब धाडणाऱ्यालाच द्यावा लागेल. इथे नाही दिला, तर तिथे.