एमएच १३ आणि वळीव

मराठी विभागासाठी काहीतरी लिही, असं संपादक मॅडम म्हणाल्या तेव्हा मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की मॅडम, माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. माझं मराठी म्हणजे शाळेतले आठवड्याचे चार तास आणि घरी आजी. ऱ्हस्व-दीर्घ मी अजून अंदाजानेच देते. त्यावर मॅडम म्हणाल्या, "गाडीवरून पडलीस ना, ते लिही. पडायला शुद्धलेखन लागत नाही." म्हणून हा लेख. चुका दिसल्या तर कॉन्व्हेंटच्या खात्यावर टाका.

तर मित्रमैत्रिणींनो, आधी आमच्या मजल्याची ओळख करून देते. लेडीज होस्टेलच्या दुसऱ्या मजल्यावर कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. पहिल्या सेमिस्टरला जी ज्या गावाहून आली त्या गावाचं नाव तिला चिकटतं आणि ते चार वर्षं सुटत नाही. "ए नागपूर, बादली दे ना!" "लातूरला उठवा, तिचं आठचं प्रॅक्टिकल आहे." "कोल्हापूर आज मेसमध्ये परत भांडली." माझं घर कॉलेजपासून बावीस किलोमीटरवर, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. ट्रॅफिकला कंटाळून मी होस्टेल घेतलं, त्यामुळे पुण्यातच राहून "पुणे" म्हणून ओळखली जाणारी मजल्यावरची मी एकटीच. आणि माझी रूममेट "सोलापूर".

रात्रीच्या जेवणानंतर गॅलरीत उभं राहायचं आणि खालच्या सिग्नलला थांबलेल्या गाड्यांचे नंबर वाचायचे, हा आमचा आवडता टाइमपास. कुणी सिग्नल तोडला, कुणी उजवा इंडिकेटर देऊन डावीकडे वळलं, की आधी नंबर बघायचा आणि मग निकाल द्यायचा. "एमएच १४? पिंपरी-चिंचवड. सोडून द्या, त्याला वाटतंय तो अजून एमआयडीसीतच आहे." "एमएच ०४? ठाणे. घोडबंदर रोडवरून डायरेक्ट आलाय." "एमएच ०९? कोल्हापूर. तो बाजूला होणार नाही, तुम्हीच व्हा." एमएच १२ दिसली की बाकीच्या सगळ्या एका सुरात ओरडायच्या आणि मी आत पाणी प्यायला जायची. २०२१ पासून ती बी एच नंबरची पाटी आलीये, तिच्यावरून गाव कळतच नाही. तशी गाडी चुकली की आमच्या कोर्टात केस चालायचीच नाही. शिव्या द्यायच्या तरी कोणाच्या गावाला?

पाऊस आला की मात्र हा खेळ नेमका उलटा व्हायचा. तेव्हा प्रत्येकीला आपलंच गाव पुढे करायचं असायचं. नागपूर म्हणायची, आमच्याकडे मार्चमध्ये गारा पडतात, संत्र्याचा बहार झोपतो. रत्नागिरी म्हणायची, छत्री उघडेपर्यंत पाऊस गेलेला असतो आणि मिटली की परत येतो. अंधेरी २६ जुलै २००५ काढायची. त्या वर्षी आम्ही बहुतेक जणी जन्मत होतो, पण आकडे तिला तोंडपाठ. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३! मी म्हणायची, कोथरूडला ऊन आणि कात्रजला धो धो, हे फक्त पुण्यातच.

म्हणजे बघा, बेभरवशाचा ड्रायव्हर नेहमी दुसऱ्याच्या गावचा आणि बेभरवशाची हवा मात्र आपल्या गावची, तीसुद्धा अभिमानाने! हे माझ्या तेव्हा लक्षात आलं असतं तर बरं झालं असतं. उलट मी तर त्यावर एक थिअरी मांडली होती. हवामान खात्याचं मुख्य ऑफिस १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं. पुढे ते दिल्लीला गेलं, पण शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला लोक अजून सिमला ऑफिसच म्हणतात. तेव्हा ज्या गावात हवामान खातं बिऱ्हाड करून राहिलं त्या गावाला पावसातलं इतरांपेक्षा जास्त कळणारच. इति पुणे.

सोलापूरची स्कूटर तिच्या बाबांनी रेल्वे पार्सलने पाठवलेली. पांढरी, एमएच १३. सोलापूर गाडी चांगली चालवते, पण तिची एक खोड होती. पावसाचे पहिले थेंब पडले की ती जिथे असेल तिथे गाडी कडेला घ्यायची आणि एखाद्या दुकानाच्या शटरखाली दहा-पंधरा मिनिटं थांबायची. पाऊस वाढला की मगच निघायची! आम्ही तिला यावरून इतकं छळलंय की विचारू नका. "तुमच्याकडे पाऊस पडला की शाळेला सुट्टी देतात का गं?" हा जोक माझा. ती शांतपणे म्हणायची, "आमच्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात येतो. येतो तेव्हा विजा घेऊन येतो. रस्ता जरा धुऊन निघू दे, मग जाऊ." आम्ही हसायचो.

आता तो दिवस. एप्रिलचा सबमिशनचा आठवडा. रिपोर्टच्या चार कॉप्यांचं बाइंडिंग आणायचं होतं आणि दुकान पाचला बंद. सोलापूर झोपली होती. तिला न उठवता किल्ली घेतली (आमच्यात ते चालतं). तोंडाला पुण्याच्या पोरी बांधतात तसा स्कार्फ, वर गॉगल. हेल्मेट डिकीत, कारण ते स्कार्फवर बसत नाही. हे कारण मी हल्ली कुणाला सांगत नाही. जाताना कडक ऊन होतं. येताना, सिंहगडाच्या बाजूला म्हणतात तसं, आभाळ काळं व्हायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. आधी धुळीचं वावटळ, मग तो मातीचा वास, मग टपोरे थेंब. बाकीचे दुचाकीवाले पटापट पुलाखाली शिरले. मी चारही रिपोर्ट जॅकेटच्या आत घातले आणि स्पीड वाढवला. वळवाला घाबरायला मी काय सोलापूरची होते?

इथे जरा फिजिक्स, कारण हे इंजिनिअरिंग कॉलेजचं मॅगझिन आहे. उन्हाळाभर रस्त्यावर ऑइलचे थेंब, टायरच्या रबराची पूड आणि धूळ साचत राहते. पहिल्या सरीत हे सगळं पाण्यात कालवलं जातं आणि त्याचा बुळबुळीत थर होतो. जोरात पाऊस होऊन तो वाहून गेला की रस्ता ओलाच राहतो, पण तेवढा घसरडा राहत नाही. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. कोरड्या डांबरावर घर्षणाचा गुणांक ०.७ धरा, ब्रेक लागल्यापासून गाडी साधारण ९ मीटरमध्ये थांबते. तो निम्मा झाला की अंतर दुप्पट, १८ मीटर. माझ्यासमोर १८ मीटर नव्हते. सोलापूरने हा सम कधी सोडवला नसेल, पण उत्तर तिला आधीपासून येत होतं.

कोपऱ्यावरून एक इस्त्रीवाले मामा सायकलवर वळले. कॅरिअरला पांढऱ्या चादरीत बांधलेलं कपड्यांचं गाठोडं, त्यावर प्लास्टिक. मी दोन्ही ब्रेक एकदम दाबले. गाडी आडवी, मी एकीकडे, मामा दुसरीकडे आणि पाच-सहा घरांचे इस्त्रीचे कपडे चिखलात.

गर्दी जमलीच. माझे फक्त डोळे दिसत होते, म्हणून लोकांनी नंबर वाचला. "एमएच १३. सोलापूरची आहे." "यांना पावसाची सवय नसते हो." "तिकडे सिग्नल तरी असतात का?" अगदी आमच्या गॅलरीतल्यासारखं, फक्त आता मी खाली होते. एक सज्जन गृहस्थ माझ्या बाजूने बोलले, "जाऊ द्या, बाहेरगावची पोर आहे, नवीन असेल." मामा फुटपाथवर मनगट धरून बसले होते. मी काय म्हणावं? मी म्हणाले, "सॉरी काका, मी नवीन आहे इथे."

ज्या शहरात मी जन्मले, त्या शहरात उभी राहून हे म्हणाले. मामांच्या हातात पाचशेची नोट दिली, ते म्हणाले, "जा बाळा, भिजशील." मी गेले.

रूमवर सांगितलं, स्लिप झाले, आरशाला चरा गेलाय. सोलापूरने आरसा बघितलाच नाही, माझ्या गुडघ्याला डेटॉल लावलं.

तिसऱ्या दिवशी मामांचा मुलगा गेटवर आला. हातात नंबर लिहिलेला कागद. वॉचमनने गाडी ओळखली आणि रेक्टर मॅडमनी सोलापूरला खाली बोलावलं. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होते. सगळं ऐकू येत होतं. मनगटाचं हाड मोडलंय, प्लास्टर घातलंय, तीन आठवडे इस्त्री उचलता येणार नाही. मॅडम म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे पाऊस नसतो, तर इथे सावकाश चालवायची. आता गाडी होस्टेलमध्ये ठेवता येणार नाही." आणि सोलापूर काहीच बोलली नाही. एकदाच म्हणाली, "गाडी माझीच आहे."

तिला तोपर्यंत कळलं असणारच. त्या दिवशी गाडी कुणी नेली होती, एवढं गणित तिला नक्की जमतं. ती माझं नाव घेत नव्हती आणि मी वर उभी होते. किती वेळ, मला माहीत नाही. दोन मिनिटंही असतील, पण मला ती अजून मोजता येत नाहीत. मग गेले खाली. पुढचं सांगण्यासारखं नाही, रडारड बरीच झाली. मॅडमनी बाबांना फोन केला. प्लास्टरचा आणि मामांच्या बुडालेल्या कामाचा खर्च बाबांनी दिला आणि माझा पॉकेटमनी ऑगस्टपर्यंत बंद केला. सोलापूरची गाडी राहिली. पण सोलापूर माझ्याशी नऊ दिवस बोलली नाही. दहाव्या दिवशी तिने विचारलं ते एवढंच, "तू त्यांना नवीन आहे असं का सांगितलंस? पुण्याची आहे म्हणाली असतीस तर काय झालं असतं?" याचं उत्तर मी दिलं नाही. नव्हतंच.

मामांच्या बायकोने आणि मुलाने इस्त्री चालू ठेवली, पण मुलगा दुपारी कामावर जायचा आणि घरोघर कपडे पोचवायला कुणी नव्हतं. ते काम आम्ही केलं. संध्याकाळी सोलापूर गाडी चालवायची आणि मी मागे गाठोडं मांडीवर घेऊन बसायची. डोक्याला हेल्मेट, स्कार्फ बॅगेत. किल्लीला हात लावायची मला परवानगी नव्हती, अजूनही नाही.

शेवटच्या दिवशी मामांनी चहा केला. डाव्या हाताने कप पुढे करत म्हणाले, "गाडी सोलापूरची ना? मग तुमच्यातली सोलापूरची कोण?" सोलापूरने हात वर केला. "आणि मला पाडलं कुणी?" मी हात वर केला. "तू कुठली गं?"

"पुण्याची."

"पुण्याची होय?" मामा हसले. "मग बरोबर."

सोलापूर परत येताना अर्धा रस्ता हसत होती. मग कॅनॉलच्या पुढे गाडीच्या काचेवर दोन थेंब पडले. तिने इंडिकेटर दिला, गाडी कडेला घेतली आणि एका बंद मेडिकलच्या शटरखाली उभी केली. साडेसातला मेस बंद होते. सात वाजून दहा मिनिटं झाली होती. मी काही बोलले नाही.