पोटफोड्या ‘ष’

लग्न ठरल्यावर हिला पहिलं पत्र लिहिलं, ‘प्रिय उशा’. उलटटपाली उत्तर आलं, ‘उशा दोन पाठवू की चार?’ तेव्हापासून पोटफोड्या ‘ष’ला मी वचकून असतो.

संस्कृतात श तालव्य, ष मूर्धन्य; ‘ष’साठी जीभ वर वळवायची. मराठीत आपण बहुधा दोन्ही एकाच जिभेवर उरकतो. मग एकाच आवाजाची दोन खाती कशाला? माझ्यातला कारकून म्हणाला, एक बंद करा!

हिला विचारलं. ही म्हणाली, “करा की! पण मी पहाट की गादीवरची उशी, ते कागदावर कसं कळणार?”

खातं चालू ठेवलं. वीस वर्षं झाली. ते पत्र हिनं जपलंय. चूक मात्र सुधारू देत नाही.