पाच दिरहमची गोष्ट

पाच दिरहममध्ये आजकाल काय येते हो? कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियात फार तर दोन-तीन करक चहा. पण याच पाच दिरहमवरून जानेवारी 2023 मध्ये, संक्रांतीच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात, मी एक छोटेखानी भाषणच ठोकले होते. आज त्या भाषणाची मला लाज वाटते. ती चारचौघांत बोलून मोकळे व्हावे, म्हणून हा लेख.

विषय होता इथल्या संघराज्य सरकारने नुकताच लागू केलेला बेरोजगारी विमा. 1 जानेवारी 2023 पासून तो अमिरातीतल्या बहुतेक नोकरदारांना सक्तीचा झाला. मूळ पगार 16,000 दिरहमपर्यंत असेल तर महिन्याला पाच दिरहम, त्याहून जास्त असेल तर दहा. उद्या नोकरी गेली, आणि ती स्वतः राजीनामा दिल्यामुळे किंवा शिस्तभंगाच्या कारवाईमुळे गेलेली नसली, तर मूळ पगाराच्या 60 टक्के रक्कम जास्तीत जास्त तीन महिने मिळणार. महत्त्वाची अट एकच. विम्याचे किमान बारा महिने सलग भरलेले हवेत.

हातात तिळगुळाची वाटी घेऊन मी म्हणालो होतो, "अहो, तीस वर्षे झाली मला इथे येऊन. नोकऱ्या आल्या, गेल्या. 2008 ची मंदी पाहिली, 2020 चा करोना पाहिला. कोणत्या सरकारने आपल्याला विचारले? आपले आपणच बघितले ना? मग आता हे पाच दिरहमचे झेंगट कशाला? मुदत जूनपर्यंत आहे. बघू सावकाश!" चार लोक हसले, दोघांनी टाळी दिली. मला बरे वाटले.

ऐकणाऱ्यांत माझ्या आत्याचा नातू होता. वय वर्षे सत्तावीस, राहायला शारजाला, नोकरी दुबईत. मला काका म्हणतो आणि माझा शब्द खाली पडू देत नाही. काका म्हणतात सावकाश, म्हणून तो सावकाश राहिला. पुढे सरकारनेच जूनची मुदत 1 ऑक्टोबरपर्यंत वाढवली. विमा नसेल तर 400 दिरहम दंड, असे मेसेज सगळ्यांच्या फोनवर फिरू लागले, तेव्हा सप्टेंबरच्या अगदी शेवटच्या आठवड्यात त्याने पैसे भरले.

ऑगस्ट 2024 मध्ये त्याच्या कंपनीने एक विभाग बंद केला आणि त्याची नोकरी गेली. विम्याचे भरले होते अकरा महिने!

त्या रात्री आमच्या डायनिंग टेबलावर बसून आम्ही हिशेब केला. मूळ पगार 6,000 दिरहम. त्याचे 60 टक्के म्हणजे 3,600. तीन महिन्यांचे 10,800. जानेवारीतच भरले असते तर वर्षाचे लागले असते साठ दिरहम आणि वर थोडा व्हॅट. माझ्या एका टाळीच्या वाक्याची किंमत 10,800 दिरहम! तो बिचारा काहीच बोलला नाही. "असू दे काका, तुम्ही थोडेच मुद्दाम केले," एवढेच म्हणाला. त्यापेक्षा त्याने चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते.

मग आपल्या पद्धतीने जे व्हायचे ते झाले. मी काही पैसे दिले, मंडळातल्या तीन-चार कुटुंबांनी गाजावाजा न करता भर घातली, कोणी घरभाड्याचा चेक पुढे ढकलण्यासाठी घरमालकाशी बोलले. साडेतीन महिन्यांनी त्याला दुसरी नोकरी लागली. पण पैशाचे पाकीट घेताना त्याची खाली गेलेली मान मी विसरू शकत नाही. दर भेटीत तो विचारायचा, "काका, हे परत कधी करू?" मंडळाच्या कार्यक्रमांना यायचाच बंद झाला. म्हणायचा, सगळ्यांसमोर जायला कसेसे वाटते. विम्याचे पैसे बँकेत जमा झाले असते तर त्याला कोणापुढे मान खाली घालावी लागली नसती. ते त्याचेच असते, हक्काचे.

आणि मग मला आमची आत्या आठवली. म्हणजे याची आजी.

माझे वडील मुंबईत कारकून आणि आत्या तासगाव तालुक्यात दिलेली. 1972 च्या दुष्काळात तिच्या घरची पाच माणसे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होती. त्या वेळची सुकडी, मिलोच्या लाल भाकऱ्या, हाताला आलेले फोड यांच्या गोष्टी आम्ही मुलांनी तिच्या तोंडून कितीदा तरी ऐकल्या. पुढे 1975 साली महाराष्ट्रात व्यवसाय कर आला. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही गावी गेलो, तेव्हा वडील ओसरीवर बसून कुरकुर करत होते, "पगारातून आता हे नवीनच काहीतरी कापायला लागलेत!" आत्या भाकऱ्या थापत होती. तिथूनच म्हणाली, "दादा, तुझ्या पगारातलं कापत्यात म्हणून आमच्या हाताला काम मिळतंय. आणि आमी काय फुकटचं न्हाई खात, खडी फोडून खातुया." वडील गप्प झाले. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. ते वाक्य डोक्यात राहिले, पण त्याचा अर्थ कळायला साठी उलटावी लागली.

आत्या म्हणत होती ते अक्षरशः खरे होते. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमीचा पहिला प्रयोग 1965 साली तासगाव भागातच झाला. 1972 च्या दुष्काळात ती योजना राज्यभर गेली. व्यवसाय कराचा पैसा तिच्यासाठी राखला गेला आणि राज्य सरकारने तेवढीच भर घालायची असे ठरले. 1977 साली विधिमंडळाने कायदा केला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. म्हणजे मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातले चार रुपये आणि तासगावच्या बाईच्या हातातला हातोडा एका कायद्याने जोडले गेले. शहरातल्याने दान केले नाही आणि गावातल्याने भीक घेतली नाही.

हीच कल्पना दिल्लीच्या केंद्र सरकारने उचलायला पुढे जवळजवळ तीस वर्षे गेली. 2005 साली संसदेने ग्रामीण रोजगार हमी कायदा केला आणि 2 फेब्रुवारी 2006 पासून तो 200 जिल्ह्यांत सुरू झाला. वर्षाला प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला 100 दिवस काम, आणि अकुशल मजुरीचा खर्च केंद्राचा. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने त्याच्या जागी नवा कायदा केला. त्यात दिवस 125 झाले, पण मजुरीच्या खर्चातला वाटा राज्यांवरही आला. हमी द्यायची कोणी आणि पैसे मोजायचे कोणी, हे भांडण अजून मिटलेले नाही. कोणत्याही संघराज्यात ते पूर्ण मिटेल असेही वाटत नाही.

आपण राहतो तो देशही संघराज्यच आहे, हे आपण दुबईकर मंडळी सहज विसरतो. 2 डिसेंबर 1971 रोजी सहा अमिराती एकत्र आल्या आणि 10 फेब्रुवारी 1972 रोजी रास अल खैमा सातवी झाली. इथल्या राज्यघटनेच्या 23 व्या कलमाप्रमाणे ज्या अमिरातीत तेल आहे, ते त्या अमिरातीचे. पण कामगारविषयक कायदा आणि सामाजिक सुरक्षा हे विषय 121 व्या कलमाने संघराज्याकडे दिले आहेत. तेल ज्याचे त्याचे, पण कामगाराची काळजी एकत्र! म्हणूनच फुजैराच्या दगडखाणीतला कामगार असो की दुबईतला इंजिनिअर, ग्रॅच्युइटीचा हिशेब बहुतेकांना एकच लागतो. पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी 21 दिवसांचा मूळ पगार, त्यापुढे 30 दिवसांचा. 2009 पासून पगार बँकेमार्फत देण्याची जी पद्धत आली, तिनेही कितीतरी कामगारांचे अडकणारे पगार वेळेवर हातात पडू लागले.

इथल्या नागरिकांसाठी अर्थातच संघराज्य बरेच अधिक करते. 1999 सालचा पेन्शनचा कायदा, त्याच वर्षी सुरू झालेली शेख झायद गृहयोजना, 2022 मध्ये कमी उत्पन्नाच्या नागरिक कुटुंबांसाठी 28 अब्ज दिरहमपर्यंत वाढवलेला मदतनिधी. त्याबद्दल आपण हेवा करण्याचे कारण नाही. ते त्यांचे घर आहे, आपण पाहुणे. पण बेरोजगारी विमा ही मला माहीत असलेली अशी योजना आहे, जिच्यात नागरिक आणि आपण एकाच रांगेत उभे आहोत. हप्ता तोच, टक्केवारी तीच, अट तीच. भारतात आपण नागरिक, पण राहायला तिथे नाही. इथे राहायला आहोत, पण नागरिक नाही. अशा दोन सरकारांच्या मधल्या पट्टीत उभ्या असलेल्या माणसाला या एका रांगेचे मोल कळायला हवे होते. मला नाही कळले.

माझे एक स्नेही चार्टर्ड अकाउंटंट आहेत. त्यांना हे सारे पटत नाही. ते म्हणतात, "सरकारने रस्ते, पोलीस आणि कोर्टे नीट चालवावीत. बाकी माणूस आणि त्याची बचत. सरकार आधाराला आले की माणूस बचत विसरतो." त्यांचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला असावा, हे मी आत्याच्या नातवाला आधीच सांगायला हवे होते. तिळगुळाच्या दिवशी मी जे बोललो, तेही खरे तर याच मताचे बोलणे होते. पण गावी आईवडिलांना पैसे पाठवून, शारजाचे भाडे भरून सत्तावीस वर्षांच्या मुलाकडे कितीसे उरते? आणि 2020 सारखा फटका येतो, तेव्हा तो एकट्यादुकट्याच्या आळसामुळे येत नाही. सगळ्यांवर एकदमच येतो. त्या वर्षी ज्यांच्याकडे हक्काने हात पसरायचा, तीच घरे अडचणीत होती. राहणे एका अमिरातीत, नोकरी दुसरीत, कंपनीचे मुख्य ऑफिस तिसरीत, अशा माणसाची जोखीम एका अमिरातीने एकटीने उचलणेही अवघडच. दुष्काळ जसा एका तालुक्याला पेलत नाही, तसेच हे.

म्हणून माझे मत आता असे झाले आहे. केंद्र सरकारने प्रत्येकाचे घर चालवू नये, ते त्याला जमणारही नाही. पण जी आपत्ती माणसाच्या कर्तबगारीबाहेरची आणि एका राज्याच्या कुवतीबाहेरची आहे, तिच्यासाठी सगळ्यांकडून थोडेथोडे घेऊन एक जमीन तयार करावी, म्हणजे पडणारा माणूस तिच्याखाली जाणार नाही. पुन्हा उठायचे त्याने स्वतः. इथे 60 टक्के आणि तीन महिने ठेवले आहेत, ते मला योग्यच वाटते. आणि घेणाऱ्याने आपला वाटा आधी भरलेला असावा, मग तो पाच दिरहमचा असो नाहीतर फोडलेल्या खडीचा. तो वाटा भरलेला असला की मदतीचा हक्क होतो.

या जमिनीला अजून भेगा आहेत, हेही म्हटले पाहिजे. घरकाम करणाऱ्यांना या विम्यात जागा नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांत मुलांना सांभाळणारी बाई आहे. तिची नोकरी गेली तर तिच्यासाठी अजून फक्त आपली दयाच आहे. आणि 60 टक्के मोजायचे ते मूळ पगाराचे. ज्याच्या पगारात भत्तेच मोठे आणि मूळ पगार नावापुरता, त्याच्या हाती थोडेच पडते. नवी नोकरी घेताना मूळ पगाराचा आकडा नीट पाहा, असे मी आता तरुण मुलांना सांगत असतो.

आत्याच्या नातवाने सगळ्यांचे पैसे फेडले. माझे घ्यायला मी तयार नव्हतो, तर पाकीट देवघरात ठेवून गेला! आता गणपतीच्या तयारीला पुन्हा येतो. मागच्या वर्षी मांडवाच्या दोऱ्या बांधताना त्याने मला विचारले, "काका, तुमचा विमा रिन्यू केलात का?" मी फोन काढून पाहिला, तर मुदत संपायला चारच दिवस उरले होते! त्याने माझ्या हातातला फोन घेतला, तिथल्या तिथे पैसे भरले आणि पावती मला दाखवली.

मंडळी, हा अंक वाचून झाला की तुमचीही पावती एकदा काढून पाहाल ना?