अकिहाबारातील कानांचा बाजार

टोकियोस जाऊन आलेला मनुष्य परत आला की फूजी पर्वत, साकुराचा बहर आणि ज्यांवरून घड्याळ लावून घ्यावे अशा आगगाड्या ह्यांविषयी बोलतो. ह्या तिन्ही गोष्टी मीही पाहिल्या. परंतु मला तेथे नेले ते एका निराळ्याच कामाने, आणि ते काम माझे नसून माझ्या थोरल्या वहिनींचे होते.

वहिनी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. लग्नापूर्वी त्यांनी गाण्याची रीतसर तालीम घेतली होती. आमच्या घरी आल्यावर अकरा माणसांच्या रहाटगाडग्यातून जेवढे जमले तेवढे त्यांनी ते जपले. चार वर्षांपूर्वी त्यांच्या कानांनी दगा द्यावयास आरंभ केला. तपासणीत असे दिसले की खालचे स्वर ठीक ऐकू येतात, परंतु सेकंदास तीन हजार कंपनांच्या वरचा प्रांत पुष्कळच मंद झाला आहे. श्रवणयंत्र आणले. त्याने बोलणे स्वच्छ ऐकू येऊ लागले. नातवंडांची कुजबुजही त्यांच्या कानांतून सुटेना. पण एके दिवशी त्या मला म्हणाल्या, “भाऊजी, हे कानात घातले की तंबोरा नाहीसा होतो हो.”

आम्हांस तो वार्धक्यातील भास वाटला, हे कबूल केले पाहिजे. कानांच्या तज्ज्ञांस विचारले तेव्हा खजील होण्याची पाळी आमच्यावर आली. श्रवणयंत्र हे मुख्यतः मनुष्याच्या बोलण्याकरिता घडविलेले असते. बोलण्यात आवाज क्षणोक्षणी चढतो आणि उतरतो. जो आवाज सारखा एकाच पातळीवर चालू राहतो, तो पंख्याचा किंवा इंजिनाचा गोंगाट समजून यंत्र दाबून टाकते. आणि एखादा लांब, स्थिर स्वर कधी कधी आपलीच शिट्टी समजून गिळून टाकते. तंबोऱ्याचे तर सारे जीवित अखंडपणात. यंत्राच्या लेखी तंबोरा आणि छतावरचा पंखा ह्यांत भेद नाही! संगीताकरिता वेगळी योजना असलेली यंत्रे मिळतात, पण वहिनींच्या यंत्रात ती नव्हती. स्पीकर मोठ्याने लावावा, तर घरात दोन मुले परीक्षेच्या वर्षाला. तेव्हा श्रवणयंत्र काढून ठेवून, हेडफोन लावून, त्यांच्या कानांस जेथे कमी पडते तेथेच वाढवून ऐकविता येईल काय, असा प्रश्न उभा राहिला.

वहिनींचा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोच्या निशिकासाई भागात राहतो. तेथे भारतीयांची वस्ती मोठी आहे आणि तीत आपली मराठी कुटुंबेही आहेत. माझे जाणे ठरल्यावर त्याने कळविले, “काका, तुम्ही येताच आहात तर आईची ती कॅसेट घेऊन या. इथे अकिहाबारा आहे.” ती कॅसेट म्हणजे १९८४ सालच्या कोजागिरीस आमच्या माडीवर झालेल्या घरगुती बैठकीची. गाणे वहिनींचे, आणि तंबोऱ्यावर आमचे कैलासवासी दादा. मी ती सदऱ्याच्या खिशात घालून नेली. विमानतळावरील क्ष-किरणांची मला धास्ती होती. ती व्यर्थ होती असे मागाहून समजले, कारण चुंबकीय फितीस इजा होते ती लोहचुंबकाने, क्ष-किरणांनी नव्हे.

निशिकासाईहून तोझाई मार्गाने कायाबाचो, तेथे गाडी बदलून हिबिया मार्गाने अकिहाबारा. ह्या नावाची कथा मजेची आहे. १८६९ साली येथे मोठी आग लागली. जळालेली जागा मोकळी ठेवून १८७० साली तेथे अग्निशमनाच्या देवतेचे देऊळ बांधले. लोकांनी ती देवता म्हणजे आपली परिचित अकिबाच असे मानले, आणि ते मैदान ‘अकिबाचे माळरान’ झाले. म्हणजे हे नावच मुळी एका गैरसमजातून निघालेले! युद्धानंतरच्या ओढगस्तीच्या दिवसांत ह्या परिसरात रेडिओचे सुटे भाग विकणारे फेरीवाले रस्त्यावर बसू लागले. जवळच विद्युत्-शिक्षण देणारी संस्था होती, तेथील विद्यार्थी हे त्यांचे गिऱ्हाईक. १९४९ साली रस्त्यावरील दुकाने हटविण्याचा हुकूम निघाला, तेव्हा ह्या मंडळींस रेल्वेच्या उंच पुलाखाली जागा मिळाली. तो बाजार ‘रेडिओ सेंटर’ ह्या नावाने मी डोळ्यांनी पाहिला. दोन माणसांनी समोरासमोर आल्यास एकाने अंग चोरावे इतकी अरुंद बोळ, हातभर रुंदीची दुकाने, आणि शेकडो चिमुकल्या खणांच्या मधोमध बसलेला वृद्ध दुकानदार. डोक्यावरून आगगाडी गेली की खणांतील तारा किंचित थरथरतात. पुण्यातील पासोड्या विठोबाजवळची बुधवारातील दुकाने ज्यांनी पाहिली आहेत, त्यांस येथे परके वाटू नये. बाहेरच्या हमरस्त्यावर मात्र चित्रकथांतील बाहुल्या आणि भडक दिव्यांचे साम्राज्य आहे; त्याविषयी मी लिहिणार नाही, कारण मला त्यातले काही कळले नाही.

प्रथम कॅसेट. जुन्या वस्तूंच्या एका दुकानात दुरुस्त केलेला कॅसेट डेक मिळाला. पुतण्याने त्याचे मुख स्पिरिटाने पुसले आणि बाजूचा एक बारीक स्क्रू अगदी थोडा थोडा फिरविला. हे मुख फितीस काटकोनात नसले तर वरचे स्वर बोथट होतात. स्क्रू जागेवर येताच तबल्याच्या चाटेवरील बोट ऐकू आले! आमच्या घरचा डेक इतकी वर्षे आम्हांस घोंगडीखालचे गाणे ऐकवीत होता. जपानातील वीज १०० व्होल्टची असल्यामुळे डेक पुतण्याकडेच ठेवला; गाणे तेवढे संगणकावर उतरून घेतले.

येथे मी एका बाबतीत मुळीच ऐकेना, ती सांगतो. हल्ली सेकंदास १,९२,००० नमुने घेणाऱ्या ध्वनिमुद्रणांची मोठी वाखाणणी चालते. कॉम्पॅक्ट डिस्कमध्ये ते ४४,१०० असतात, आणि त्यांतून सुमारे २२,००० कंपनांपर्यंतचा प्रत्येक स्वर पुरता परत उभा राहतो. तरुण मनुष्याची मर्यादा २०,०००; साठी उलटलेल्याची त्याहून पुष्कळच कमी. शिवाय मूळ कॅसेटमध्ये जे नाही ते आकडे वाढवून कोठून येणार? त्या मापाने एका तासाच्या गाण्यास ६३५ मेगाबाइट लागतात. फ्लॅक पद्धतीने, म्हणजे ध्वनीतला कणही न गमावता, ते सामान्यतः निम्म्या-पाऊण जागेत बसतात. नखाएवढ्या कार्डावर वहिनींच्या उरलेल्या सर्व दुपारी मावतील. म्हणून प्लेअर साधा, मोठी अक्षरे आणि बोटाला समजणारी बटणे असलेला घेतला. त्याला दोनच अटी होत्या: निरनिराळे स्वरप्रांत कमीजास्त करण्याची सोय असावी, आणि आवाजाची कमाल मर्यादा बांधून ठेवता यावी.

खरा दिवस गेला तो हेडफोनांच्या दुकानात. अशा दुकानांत आपला प्लेअर घेऊन जावे, हवा तो हेडफोन लावावा, वाटेल तितका वेळ ऐकावे. कोणी ‘घेणार काय?’ म्हणून विचारीत नाही. शंभरावर माणसे डोळे मिटून उभी आणि दुकानात देवळासारखी शांतता, हे दृश्य मी अन्यत्र पाहिले नाही.

पहिला लावला तो ३०० ओहमचा, फार नावाजलेला. आवाज अप्रतिम, पण दबलेला. शाळेतला ओहमचा नियम उपयोगी पडला. प्लेअर १ व्होल्ट देत असेल, तर ३०० ओहमच्या हेडफोनात जेमतेम ३.३ मिलिवॉट शक्ती जाते. ३८ ओहमच्यात २६, म्हणजे जवळजवळ आठपट. आमच्या कामात आणखी एक खोच होती. वरचे स्वर १० डेसिबलने चढवावयाचे, तर ते फाटू नयेत म्हणून सगळाच आवाज आधी तेवढा उतरवावा लागतो. म्हणजे दहा हिश्शांतील नऊ हिस्से शक्ती आरंभीच राखून ठेवावी लागते. ३०० ओहमच्या हेडफोनास मग वेगळा अँप्लिफायर जोडावा लागला असता. म्हणजे आणखी एक पेटी, आणखी एक तार, आणखी एक चार्जर. तो बेत सोडला.

दुसरा प्रश्न बंद की उघडा. बंद हेडफोन बाहेरचा आवाज अडवितो. तो आगगाडीत उत्तम. उघड्याची पाठ जाळीची असते. १९६८ साली जर्मनीतील सेनहायझर कंपनीने असा पहिला हेडफोन काढला. त्यातून आवाज बाहेर झिरपतो आणि बाहेरचा आतही येतो. नांदत्या घरात हा दोष नव्हे. दाराची घंटा, कुकरची शिट्टी, ‘आजी’ म्हणून मारलेली हाक ह्या सर्व ऐकू आल्या पाहिजेत. मनुष्य घरात असून घराबाहेर गेल्यासारखा बसू नये. गाणेही उघड्यात कपाळाच्या आत न कोंडता काहीसे समोर पसरते. अखेर जो घेतला तो उघडा, ३८ ओहमचा, पाव किलोच्या आसपास वजनाचा, मऊ कापडी गाद्यांचा होता. बनविणाराचे नाव देत नाही. जाहिरात करणे हा हेतू नव्हे. एवढे मात्र सांगतो की प्लेअर बदलून जो फरक पडतो तो मला ओढूनताणून ऐकावा लागला, आणि हेडफोन बदलून जो पडतो तो पहिल्याच षड्जाला कळला. पैसा कोठे घालावा हे ह्यावरून उमजते.

परतताना टेकाडावरील कांदा म्योजिन देवस्थानात गेलो. तेथील एक देव दाइकोकु. आपल्या महाकालाचे ते जपानी रूप. पण तेथे तो हातात मोगरी घेतलेला, भाताच्या पोत्यांवर उभा राहून हसणारा गृहस्थ झाला आहे! संगणकाच्या सुरक्षिततेचे ताईतही तेथे मिळतात. पुढे चालत उएनोच्या शिनोबाझु तळ्यापर्यंत गेलो. तळ्याच्या मध्यभागी बेंझाइतेनचे देऊळ आहे. ही आपली सरस्वती. जपानात ती वीणेऐवजी बिवा वाजविते. कमळांकडे तोंड करून बाकावर बसलो आणि कॅसेट प्रथमच सबंध ऐकली.

तेथे पुतण्याने सोनीच्या वॉकमनची हकीकत सांगितली. १ जुलै १९७९ रोजी तो ३३,००० येनांना विक्रीस आला, तेव्हा त्यास हेडफोनाची दोन छिद्रे होती, आणि एक नारिंगी बटण दाबले की गाणे मंद होऊन दोघांस एकमेकांशी बोलता येई. एकट्याने कान झाकून बसणे हे असभ्य दिसेल, असे कंपनीचे मोरिता ह्यांस वाटले होते. लोकांस मात्र एकान्तच हवा होता आणि ती सोय मागे पडली. मलाही घरात कान झाकून बसणारी मुले आवडत नाहीत. मोरितांचा आणि माझा विचार जुळलेला पाहून बरे वाटले. दुसऱ्या दिवशी अकिहाबारास पुन्हा जाऊन एका तारेचे दोन फाटे करणारा छोटा जोड मी विकत आणला.

पुण्यास आल्यावर कानांच्या तज्ज्ञांस सर्व दाखविले. त्यांनी तपासणीचा आलेख पाहून वरचे स्वर किती चढवावे ते ठरवून दिले आणि एक ताकीद दिली: ८० डेसिबलच्या पातळीवर आठवड्यास ४० तास, ह्यापुढे प्रौढ माणसाने जाऊ नये असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे, कमी ऐकू येते म्हणून आवाज वाढवीत गेल्यास उरलेलेही जाईल. मर्यादा बांधून टाकली.

दुपारी चहानंतर वहिनींनी श्रवणयंत्र काढून डबीत ठेवले. हेडफोन त्यांच्या लहान डोक्यावरून घसरू लागला, तेव्हा सूनबाईंनी वरच्या पट्टीस जुन्या रुमालाची घडी शिवून दिली. जोडाच्या दुसऱ्या फाट्यात मी माझा जुना हेडफोन घातला. मला तो आवाज फार कर्कश वाटला. तबला जणू पत्र्यावर वाजत होता. वहिनी काही बोलल्या नाहीत. आलाप संपून बंदिशीला सुरुवात झाली तरी त्या गाण्याकडे लक्ष देत आहेत असे दिसेना. मग त्यांनी हात वर करून मला थांबविण्याची खूण केली.

“पंचमाची तार उतरलीच आहे,” त्या म्हणाल्या. “तुमच्या दादांना मी तेव्हाही सांगत होते.”